मागचं झाकण

पोरी, जंगल सफारीला मुक्कीला निघालीस आणि गळ्यात तुझ्या बापाचा पेंटॅक्स के-१००० आहे, तर जाण्याआधी दोन गोष्टी कानात घालून घे. फोटो कसा काढायचा ते तुझं तू शिकशील. मी सांगतोय ते मागच्या झाकणाचं. बालाघाटात स्टुडिओ होता तेव्हा पडेल चेहऱ्याने काउंटरवर रोल ठेवणारं गिऱ्हाईक मला दुरून ओळखू यायचं. 'भाऊ, रोलला उजेड लागला, फेकू का?' नको रे बाबा, फेकू नको. उजेड लागला म्हणजे रोल मेला असं नसतं.

या कॅमेऱ्याची एक खोड आहे. डावीकडचं रिवाइंडचं बटण वर ओढलं की झाकण उघडतं. आणि प्रत्येक लग्नात एक तरी काका असतो, ज्याला 'किती फोटो उरले' ते आत डोकावून बघायचं असतं. म्हणून झाकणाला हात लावण्याआधी त्या बटणाची छोटी मूठ बाहेर काढ आणि बाणाच्या दिशेने हलकेच फिरव. बोटाला ओढ लागली तर आत रोल आहे, हात काढ. लिव्हर ओढताना ते बटण आपोआप फिरताना दिसलं, तर रोल नीट सरकतोय हेही कळतं. झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेव: कोणता रोल, कधी घातला. काकांनाही वाचता येतं.

तरी उघडलंच, तर आधी बंद कर, मग काय ते ओरड. आत काय झालंय ते सांगतो. डबीतली अजून न वापरलेली फिल्म सुरक्षित असते, डबीच्या तोंडाला काळी मखमल असते ती याचसाठी. मधे खिडकीसमोर ताणलेली फिल्म गेलीच समज. काढलेले फोटो उजवीकडच्या रिळावर गुंडाळलेले असतात, एकावर एक. वरचे, म्हणजे अगदी शेवटी काढलेले, तेच उजेड खातात. आतले फोटो वरच्या वेढ्यांच्या आडोशाला असतात. त्यांना फार तर कडेच्या भोकांतून उजेडाचे पट्टे लागतात, रंगीत रोलवर केशरी-लाल. पाच सेकंद सावलीत उघडं राहणं वेगळं आणि दुपारच्या उन्हात मिनिटभर वेगळं. शंभरचा रोल चारशेच्या रोलपेक्षा जास्त सोसतो. झाकण बंद केल्यावर मधली जळलेली फिल्म पुढे सारायला लेन्सला टोपी घाल, दोन-तीन वेळा लिव्हर ओढून क्लिक कर आणि पुढे चालू ठेव. झाकण उघडलं की आकडा पुन्हा मागे सुरुवातीला जातो, म्हणून किती फोटो झाले होते ते आठवून लगेच लिहून घे.

काही नव्या ऑटो कॅमेऱ्यांत उलटं असतं. ते रोल घालताच सगळा बाहेर ओढून घेतात आणि एकेक फोटो काढून डबीत परत सारतात. तिथे झाकण उघडलं तर काढलेले वाचतात, न काढलेले जातात. डोकं लावलंय कुणीतरी.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. लिव्हर मधेच अडली, तर जोर करू नको. खालचं बारीक बटण दाबून रिवाइंड कर. मूठ सैल फिरली, ओढच लागेना, तर लोक म्हणतात, 'रोल डबीत गेलेला दिसतो, उघड.' तिथेच घात होतो. फिल्म डबीतल्या दांडीपासून निसटली असली तरी मूठ तशीच सैल फिरते, आणि सगळे फोटो बाहेर रिळावर उघडे बसलेले असतात. अशा वेळी रात्र होऊ दे. बैहरला लॉजवर असशील तर खोलीचे दिवे घालव, दाराखालच्या फटीला टॉवेल लाव आणि गोधडीत हात घालून उघड. बोटांनी फिल्म सोडव, कडेला धर, घट्ट गुंडाळ, रोलच्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत घाल, वर काळा कागद आणि चिकटपट्टी. सिनेमातल्यासारखा लाल दिवा लावू नको. तो काळे-पांढरे फोटो कागदावर छापताना चालतो. फिल्मला लालही दिसतो, रंगीत असो की काळी-पांढरी.

आमच्या वेळी ऑर्वो नाहीतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल मिळायचा. घरोघरी आगफा क्लिक थ्री होता. त्याच्या रोलला पाठीमागे कागद असायचा, आकडा लाल काचेतून दिसायचा. उन्हात ती काच उघडी ठेवून लोक गप्पा मारत, मग फोटोवर गोल डाग. तू कधी असा रोल वापरलास तर काच अंगठ्याने झाक आणि रोल संपल्यावर कागदाचं टोक ताणून घट्ट चिकटव. सैल गुंडाळलेला रोल कडेने जळतो.

एक मात्र झाकण न उघडताही होतं. झाकणाच्या खाचेतला काळा फोम जुना झाला की आपल्या उन्हाळ्यात चिकट डांबर होतो आणि फटीतून उजेड घुसतो. प्रत्येक फोटोत त्याच जागी पट्टा दिसला तर दोष रोलचा नाही, फोमचा. तो खरवडून काळा लोकरीचा धागा बसव. स्वस्त उपाय आहे, पण टिकतो.

सफारीच्या जिप्सीत रोल बदलायचा झाला तर सूर्याला पाठ दे आणि अंगाच्या सावलीत बदल. धुळीत तर शालीखाली. रिवाइंड केल्यावर टोक पूर्ण आत जाऊ दे. बाहेर लोंबतं टोक पाहून कुणीही तोच रोल पुन्हा घालतो.

नागपूरला लॅबमध्ये देताना चिठ्ठी लाव: झाकण उघडलं होतं, अमुक नंबरच्या आसपास. आणि निगेटिव्ह कापू नका म्हणावं, अख्खी पट्टी परत द्या. काळ्या पडलेल्या भागामुळे फोटो कुठून सुरू होतो ते चाचपडत ते भलत्या जागी कात्री लावतात.