हजेरीची सवलत : अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात

दिव्यांग विद्यार्थ्याची गैरहजेरी पुष्कळदा आधीच ठाऊक असते, तरी सवलतीची मागणी मात्र डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची यादी फलकावर आल्यावर केली जाते. आणि तोवर महाविद्यालयाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील विद्यार्थी-पालकांनी या अनुभवापासून सावध होणे अगत्याचे आहे.

आधीच ठाऊक असलेल्या गैरहजेरीचे एक उदाहरण थॅलेसेमियाचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळत असल्याने हा आनुवंशिक रक्तविकार, ज्यात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही, या शहराला नवखा नाही. त्याच्या तीव्र प्रकारात साधारणतः दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यात बहुधा अख्खा दिवस जातो.

९० दिवसांच्या सत्रात ७५ टक्के हजेरीची अट पाळूनही २२ दिवसांची मुभा राहते, त्यामुळे एवढ्या खाड्यांनी काही बिघडणार नाही असे वरवर वाटते. परंतु दर तीन आठवड्यांनी गुरुवारीच रक्त चढवायचे असेल आणि एखादे प्रात्यक्षिक आठवड्यातून एकदा, गुरुवारीच होत असेल, तर १५ आठवड्यांत त्याच प्रात्यक्षिकाचे पाच तास बुडून त्यातील हजेरी सुमारे ६७ टक्क्यांवर येते. महाविद्यालय हजेरीची अट विषयवार लावत असेल, तर एकूण हजेरी पुरेशी असूनही विद्यार्थी एका विषयात अडकतो तो असा.

अस्थिव्यंग असलेल्या विद्यार्थ्याची अडचण निराळी असते. बदलापूरहून उल्हासनगर किंवा कल्याण गाठायचे तर सकाळच्या गर्दीत दिव्यांगांच्या डब्यात शिरण्यापासून फलाट बदलण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो, आणि पावसाळ्यात तर वेळापत्रकच कोलमडते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तो याच मार्गावरचा प्रसंग होय. येथे गैरहजेरीपेक्षा उशिराचा प्रश्न मोठा असल्याने पहिल्या तासाबाबतची सवलत स्वतंत्रपणे मागावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश आहे. शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे कलम १६ सांगते. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी भार न टाकता व्यवस्थेत केलेला आवश्यक बदल, आणि तो नाकारणे हा या कायद्यानुसार भेदभाव ठरतो. प्रवेशातील आरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असली, तरी वाजवी सोय तेवढ्यापुरती मर्यादित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले. मात्र हजेरीत अमुक टक्के सूट द्यावी असे कलम १६ मध्ये म्हटलेले नाही, आणि म्हणूनच मागणी नेमकी असावी लागते.

अर्ज सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांच्या नावे द्यावा. त्यास यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची प्रत आणि पुढील उपचारांच्या संभाव्य तारखा असलेले डॉक्टरांचे पत्र जोडावे. केवळ ‘सूट मिळावी’ असे न लिहिता कोणता तास बुडणार, तो भरून कसा काढता येईल, उदाहरणार्थ प्रात्यक्षिक दुसऱ्या बॅचबरोबर करू द्यावे, हे सुचवावे, कारण हजेरी माफ झाली तरी प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापन टळत नाही. तोंडी आश्वासनावर न विसंबता आवक शिक्क्याची पोच घ्यावी आणि लेखी उत्तर मागावे. दाद न मिळाल्यास विद्यापीठाकडे व त्यानंतर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाताना हीच पोच कामी येते. महाविद्यालयांनीही यादी लावण्यापूर्वी दिव्यांग विद्यार्थ्यांची नावे वेगळी तपासावीत, म्हणजे पुढची बरीचशी तक्रार उद्भवणारच नाही.