घासणं कमी, जपणं जास्त

अगं, बाबांची लाल फियाट तुझ्या दारात आली हे फार छान झालं. पण गॅरेजवाला म्हणतोय, मशीन मारून एका दिवसात लखलखीत करून देतो, तेव्हा जरा थांब. त्याला होकार देण्याआधी ताईचं ऐकून घे.

कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाड्यांना १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव लागलं, पण आपल्या तोंडी त्या फियाटच राहिल्या. २००० च्या सुमारास त्या बनायच्या थांबल्या. म्हणजे शेंडेफळ म्हणावं अशी पद्मिनीसुद्धा आज पंचविशीची आहे. आताच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा वेगळा थर असतो आणि ऊन-पाऊस तो झेलतो. जुन्या साध्या रंगांवर बहुधा तो थर नसायचाच, सगळं ऊन थेट रंगच सोसायचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग धरून ठेवणारं द्रव्य वरच्या वर झिजतं आणि सुट्या झालेल्या रंगाची भुकटी पत्र्यावर साचते. त्यातही लाल रंग लवकर उतरतो. तुझ्या गाडीचं दार उघडून आतली चौकट बघ, ती अजून लालभडक असेल. मग टपाकडे बघ, म्हणजे फरक कळेल.

आपल्या गाडीला लॅकर आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येतं. डिकीच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळ. फडकं लाल झालं तर लॅकर नाही, तू थेट रंगावरच हात फिरवते आहेस. फडकं लाल झालं म्हणून घाबरू नकोस. पण जे फडक्यावर आलं ते गाडीवरून गेलं, हे मात्र लक्षात ठेव.

माझा सगळा जीव याच गोष्टीत आहे. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी, प्रायमर धरूनसुद्धा, वहीच्या एक-दोन कागदांएवढीच असते. इतक्या वर्षांत कुणी कुणी त्यावर रबिंग कंपाउंड मारलं असेल, याचा हिशोब कुणाकडे नाही. बॉनेटची धार, मडगार्डची कड, दाराच्या बाजूची उभी रेघ, इथे थर सगळ्यात पातळ असतो. जोरात फिरणारं मशीन तिथे क्षणभर जास्त टेकलं की लाल जाऊन खालचा प्रायमर दिसतो. त्यावर मग पॉलिशचा काही इलाज नाही, टचिंगच करावं लागतं.

म्हणून हातानंच कर आणि घाई करू नकोस. आधी गाडी सावलीत घे आणि पत्रा गार होऊ दे. भांडी घासायचा साबण वापरू नकोस, त्यानं आधीचं मेणही निघून जातं. गाडीचा शाम्पू आण. दोन बादल्या घे, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायला. सुरुवात टपापासून कर आणि चाकांकडचा भाग शेवटी घे, कारण खडे-माती खालीच असते. धुतल्यावर हात फिरवून बघ. खरखरीत लागलं तर क्ले बार भरपूर ओला ठेवून अलगद फिरव, रुतून बसलेले कण निघतील. मग धारांवर कागदी चिकटपट्टी लाव आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घे. एका वेळी हातभर जागाच कर, फडक्याची बाजू बदलत राहा. पांढुरकेपणा जाऊन लाली वर आली की थांब. आणखी थोडं उजळेल, हा मोह आवर.

पॉलिश रंग उजळवतं, पण राखत नाही. राखायचं काम मेणाचं. चांगलं मेण बहुतेक कार्नाउबाचं असतं, ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरचं. आपल्या उन्हात ते दोनेक महिने टिकतं. पावसाचं पाणी थेंब थेंब होऊन ओघळलं तर मेण आहे, सपाट पसरलं तर पुन्हा लावायची वेळ झाली. पॉलिश वर्षाकाठी एकदा पुरे, मेण मात्र पुन्हा पुन्हा लाव. पावसाळ्याआधी तर नक्कीच.

आता रोजचं. रॉकेल-डिझेलच्या फडक्यानं गाडी पुसायची काही जणांची सवय असते. चमक येते, पण त्या तेलकटपणावर धूळ चिकटते आणि काचांभोवतीचं रबर फुगतं. तसं कुणाला करू देऊ नकोस. कोरड्या धुळीवर झटक्यात फडकं मारू नकोस, त्यानंच बारीक गोल ओरखडे पडतात. पक्ष्याची घाण दिसली तर खरवडू नकोस. ओलं फडकं पाच मिनिटं ठेव, मऊ झाली की उचल. प्लास्टिकचं कव्हर घालू नकोस, आत दमट राहतं. हवा खेळेल असं कापडी कव्हर घे आणि तेही धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घाल.

आणि एक. दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या वरचा भाग नीट बघ. तिथे रंगाला फुगे आले असतील तर आत गंज धरलाय, वरून कितीही पॉलिश केलंस तरी तो पत्रा खातच राहणार. चांगल्या पेंटरकडून तेवढाच भाग खरवडून, प्रायमर मारून, जुळता रंग लावून घे. नुसती लांबी भरून वरून रंग फासणारा असेल तर त्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. पॉलिश दोन महिने लांबलं तरी बिघडत नाही, पण हे काम पाऊस लागायच्या आत करून घे.