‘भुसाच बारीक आहे तुमचा!’

मला भुसा अडवायचा सायक्लोन विकणारा माणूस आजही तसलाच सायक्लोन दुसऱ्यांच्या गळ्यात मारतोय, म्हणून हे लिहायला बसलो. नाव घेत नाही. ज्यांनी त्याच्याकडून घेतलाय, ते पहिल्या चार ओळींतच ओळखतील.

धायरीतल्या आमच्या शेडमध्ये सागवानापेक्षा एमडीएफच जास्त कापला जातो. आजकाल कुठल्या शेडमध्ये जात नाही? त्याचा भुसा चिमटीत धरवत नाही, हवेत तरंगत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाकातल्या कर्करोगाशी तिचा थेट संबंध आहे. एमडीएफमध्ये वर फॉर्माल्डिहाइडची राळ. आमचे मिस्त्री संध्याकाळी नाक शिंकरायचे, तेव्हा रुमालाकडे बघवत नसे. तेव्हा धूळ ओढायची सोय करायची हे ठरलेलंच होतं. कुणी मला भरीला घातलं नव्हतं.

माल काय मिळाला ते सांगतो. ‘पाच एचपी’ असं लिहिलेला व्हॅक्यूम, जीआय पत्र्याचा सायक्लोन, खाली झाकणाचा निळा ड्रम आणि दोन मशिनींपर्यंत चार इंची पीव्हीसी पाइप. वर तोंडी हमी: ‘नव्व्याण्णव टक्के भुसा ड्रममध्ये पडणार, फिल्टरला वर्षभर हात लावू नका.’

फिल्टरला हात लावावा लागला तो ओढ कमी झाली म्हणून. उघडून बघतो तर घड्यांमध्ये भुसा ठासून भरलेला, पार दगड झालेला. आणि ड्रमच्या तळाशी? रंध्याच्या चार ढलप्या आणि एक स्क्रू. ज्यानं भुसा अडवायचा तो रिकामा, आणि ज्याच्यापर्यंत भुसा पोचायलाच नको तो भरलेला. फोन केला. दोन दिवसांनी त्याचा माणूस आला, यंत्राला हातही न लावता म्हणाला, “साहेब, मशीन ओके आहे. भुसाच बारीक आहे तुमचा.” आणि लगेच मोठा फिल्टर घ्या म्हणून दर सांगू लागला. भुसा बारीक! मग सायक्लोन काय नारळ वेगळे करायला घेतला होता?

तो गेल्यावर मी देवघरातली उदबत्ती आणली. व्हॅक्यूम चालू ठेवून ती ड्रमच्या झाकणाभोवती फिरवली. झाकणाची पट्टी जिथे जुळते, तिथे सरळ वर जाणारा धूर एकदम आडवा झाला आणि फटीत शिरला. सगळा खेळ तिथेच उघडा पडला. सायक्लोनमध्ये हवा बाजूनं स्पर्शरेषेत शिरते, गरगर फिरते, जड कण भिंतीला घासत शंकूतून खाली घसरतात आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. खालच्या ड्रममध्येही ओढ असते. तिथे बारीकशी जरी फट असली, तरी बाहेरची हवा आत घुसून शंकूतून वर उसळते आणि पडायला आलेला भुसा उचलून थेट फिल्टरकडे नेते. त्याच संध्याकाळी सायक्लोनचं वरचं झाकण खोललं. मधली नळी आत शिरण्याच्या तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा वरच कापलेली! ती त्या कडेच्या खाली उतरायला हवी. नाहीतर हवा फिरायच्या आधीच आडवाटेनं पसार होते. दोन बोटं पत्रा वाचवला होता गड्यानं.

फोटो काढून पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘डिझाइन इम्पोर्टेड आहे.’

शेजारच्या शेडमधल्या वेल्डरनं नळी लांब करून दिली, झाकणाखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी बसवली. ड्रम भरायला लागला. म्हणजे भुसा तोच होता, बरं का.

आता ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी. एचपीचा आकडा बघून भुलू नका. पाच एचपी म्हणजे सव्वासदतीसशे वॅट, २३० व्होल्टला सोळा अँपिअरच्या वर. आमच्या व्हॅक्यूमला प्लग होता सहा अँपिअरचा. त्यातून १३८० वॅट, म्हणजे दोन एचपीसुद्धा निघत नाहीत. हे गणित विक्रेत्यासमोर कागदावर करा, चेहरा बघण्यासारखा होतो.

व्हॅक्यूम आणि ब्लोअर या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणीही सांगितलं नाही, आणि सांगणं हे विकणाऱ्याचंच काम होतं. व्हॅक्यूम म्हणजे शहाळ्यातली नळी: ओढ जबरदस्त, पण हवा थोडी. सँडर, राउटर, हातातली कटर यांच्या बारीक होजला तो उत्तम. तिथे त्याला तोड नाही. पण ढलप्या पाइपातून वाहत्या ठेवायला हवेचा वेग मिनिटाला साधारण चार हजार फूट लागतो. चार इंची पाइपात त्यासाठी साडेतीनशे सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट, हवा हवी. साधा व्हॅक्यूम शंभर-सव्वाशेच्या आसपास देतो. मग थिकनेसरच्या ढलप्या वाटेतच बसतात आणि पाइप चोंदतो. आमचा चोंदला. थिकनेसर आणि टेबल सॉला ब्लोअरचाच डस्ट कलेक्टर लावा. पैसे नसतील तर थांबा, पण व्हॅक्यूमला चार इंची पाइप जोडून स्वतःची समजूत काढू नका.

पाइप पुरता चोंदला की ओढ सगळी ड्रमवर येते. आमचा निळा ड्रम धाडकन पोटात गेला. अशा व्हॅक्यूमची बंद तोंडावरची ओढ वीस किलोपास्कलच्या घरात असते. दोनशे लिटरच्या ड्रमच्या झाकणावर तो भार पाचशे किलोंच्या आसपास जातो. जाड लोखंडी ड्रम घ्या, किंवा ओढ वाढली की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

सायक्लोन कितीही चांगला असला, तरी फुप्फुसात खोल जाणारे काही मायक्रॉनचे कण त्यातून निसटतातच. त्याचं काम फिल्टरचं आयुष्य वाढवायचं. फिल्टर त्याच्या मागे चांगलाच लागतो, शक्यतो हेपा. कापडी पिशवी लावली, तर शेड स्वच्छ दिसते आणि सगळ्यात वाईट धूळ पिशवीतून गळून परत खोलीत येते. लादी झाडू नका. मास्क आयएस ९४७३चा, एफएफपी २ घ्या. गळ्यातला रुमाल नाकावर ओढून काही होत नाही, हे मिस्त्रींना रोज सांगावं लागतं. मशीन नियमित साफ ठेवा वगैरे आहेच.

ग्राइंडरच्या ठिणग्या भुशाच्या व्हॅक्यूमनं कधीच ओढू नका. ठिणगी ड्रममध्ये तासन्‌तास धुमसत राहते, शटर ओढून तुम्ही घरी गेलेले असता.

आणि बिल. माझ्या बिलावर ‘व्हॅक्यूम सिस्टीम, १ नग’ एवढंच होतं. नव्व्याण्णव टक्के कुठे लिहिलंय, असं विचारायला विकणारा मोकळा. हवेचा सीएफएम, मोटरचे खरे वॅट, फिल्टरचा दर्जा, ड्रम हवाबंद असल्याची हमी, हे सगळं बिलावर लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर उठून चालू लागा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही ग्राहक ठरू शकता, ‘धंद्यासाठी घेतलंय’ एवढ्यावर तो सुटत नाही. पण आयोगासमोर तोंडी हमी सिद्ध करताना घाम फुटतो.

ड्रममधला एमडीएफचा भुसा कुणी चुलीला किंवा बंबाला मागायला आला तर देऊ नका, त्यात राळ आहे. गोठ्यात अंथरायलाही नको. सागवानाचा वेगळा ठेवा. आमच्याकडे आता दोन ड्रम आहेत, दोन्ही लोखंडी.