शेकरू बघायला पोरांना नेतेस, तर ऐक

अगं, थोरला दहाचा आणि धाकटी सातची, म्हणजे भीमाशंकरला न्यायचं वय अगदी बरोबर आहे. फक्त खांडसवरून शिडी घाटानं चढायचं मनातून काढून टाक. तुझा मामेभाऊ नऊ वर्षांचा असताना मी त्याला त्या वाटेनं नेलं होतं. लोखंडी शिडीवर मधेच त्यानं खाली पाहिलं आणि हातपाय आखडले. ना वर जाईना, ना खाली येईना. त्याला उतरवेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढे कितीतरी वर्षं तो डोंगराचं नाव काढू देत नव्हता. चूक माझी होती, त्याची नव्हे. गणेश घाट सोपा, पण लांबचा आहे. तो आणखी दोन-तीन वर्षांनी. यंदा मंचर-घोडेगाववरून गाडीनं वर जा आणि रात्री गावातच मुक्काम कर.

मुक्काम हवाच, कारण शेकरू सकाळी आणि उन्हं कलल्यावर हिंडतं. भर दुपारी ते फांदीवर पसरून पडलेलं असतं. पुण्याहून उठून अकराला पोचणारी माणसं रिकाम्या हाताने परततात, ती यामुळेच. उजाडताच गुप्त भीमाशंकरची वाट धरा. एखादा गावकरी वाटाड्या बरोबर घ्या. हिरड्याच्या झाडावर काल कोण होतं हे त्याला ठाऊक असतं.

पोरांना आधी घरटी शोधायला लाव. उंच झाडावर, बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतील. जड शिकारी प्राणी तिथवर पोचू शकत नाही, म्हणून ती जागा. एकच शेकरू अशी चार-पाच घरटी बांधतं, तेव्हा घरटं दिसलं म्हणजे मालक घरी असेलच असं नाही. मग झाडाखाली ताजी कुरतडलेली फळं, सालीचे तुकडे बघायचे. ते सापडले की तिथेच बसायचं, दहा मिनिटं, न बोलता. सात वर्षांच्या पोरीला दहा मिनिटं जमतात. वीस जमत नाहीत, तिच्यावर रागावू नकोस. वरून खडखडाटासारखा आवाज आला, की तांबूस-तपकिरी पाठ आणि लोंबती झुबकेदार शेपटी शोधा. खाऊ मात्र कुणी टाकायचा नाही, अगदी शेंगदाणाही नाही.

अत्तर, सुवासिक तेल नको. आग्या मोहोळ असलेल्या जंगलात त्या वासानं माश्या अंगावर येतात. पूर्ण बाह्या, लांब पँट, कारण हिवाळ्यापासून खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्यावर उडतात. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीनं कुसं उचला, मग धुवा. नवे बूट आधी पंधरा दिवस घरात घालायला लाव. दोघांच्या गळ्यात शिट्टी अडकव. चुकलात तर पळायचं नाही, जवळचं झाड धरून उभं राहायचं आणि तीन शिट्ट्या, हे घरी दोनदा करून घे. साप चावलाच, तर कापाकापी, आवळपट्टी काही नाही; हालचाल बंद आणि १०८ ला फोन. फोन लागत नसला तर वाट न बघता उचलून खाली गाडीपाशी.

महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि शनिवार-रविवार टाळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधल्या वारी जा. नागफणीच्या कड्यावर धाकटीचा हात सोडू नकोस. आणि जाण्याआधी येऊन माझी दुर्बीण घेऊन जा, पट्टा मी तिच्या मापाचा करून ठेवतो.