बिनतारी कॉलर माईकची मांडणी व वापर



वणी हे वक्तृत्वाचा मान राखणारे गाव आहे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली येथेच झाला. पुढे प्राचार्य राम शेवाळकर यांनी येथील लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले व आपल्या व्याख्यानांनी मराठी श्रोत्यांस तृप्त केले. मोठ्या सभेच्या टोकापर्यंत शब्द पोहोचविण्याची कला अशा वक्त्यांस साध्य होती. शिक्षकाचे काम मात्र एका अर्थाने वक्त्याहूनही कठीण आहे. सभेतील प्रौढ श्रोत्यास चार शब्द नीट ऐकू आले नाहीत, तरी मागच्या-पुढच्या संदर्भावरून तो आशय जाणतो. इयत्ता दुसरीतील मुलास तो शब्दच प्रथम शिकावयाचा असतो. जो शब्द त्यास माहीत नाही, तो त्याने अंदाजाने पुरा कसा करावा?

आपल्या भागात या अडचणीस आणखी एक बाजू आहे. वणी, मारेगाव, झरी जामणी व केळापूर या तालुक्यांतील अनेक मुलांची घरची भाषा कोलामी किंवा गोंडी असते. मराठी ही त्यांस शाळेत शिकावयाची भाषा होय. गोंगाटात ऐकलेले अर्धे वाक्य मातृभाषेत जितके सहज पुरे करता येते, तितके दुसऱ्या भाषेत येत नाही, हे श्रवणविषयक अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. अशा मुलास आपण पुष्कळदा ‘मंद’ किंवा ‘लक्ष नसलेले’ समजतो. प्रत्यक्षात पत्र्यावर पडणारा पाऊस, शेजारच्या वर्गाचा पाढा, किंवा रस्त्याने जाणारा कोळशाचा ट्रक यांमुळे त्यास आपला शब्दच पोचलेला नसतो.

या कामी बिनतारी कॉलर माईक उपयोगी पडतो. आता अनेक शाळांत लोकवर्गणीतून असा संच येऊ लागला आहे. तथापि त्याचा उपयोग बहुधा १५ ऑगस्ट, २६ जानेवारी व स्नेहसंमेलन एवढ्यापुरताच होतो, आणि त्या दिवशीही तो शिट्टी मारतो. सबब त्याची मांडणी व दैनंदिन वापर यांची पद्धतशीर माहिती येथे देत आहोत.

१. साहित्याची ओळख

संचाचे चार भाग असतात. पहिला भाग चिमट्याने कपड्यास अडकविण्याचा लहान माईक, अथवा कानावरून तोंडाजवळ येणारा माईक. दुसरा भाग कमरेस अडकवावयाची पेटी, म्हणजेच ट्रान्समीटर किंवा प्रेषक. तिसरा भाग रिसीव्हर, जो हवेतील लहरी पकडून त्यांचे पुन्हा विद्युत्-संदेशात रूपांतर करतो. चौथा भाग अँप्लिफायर व स्पीकर. काही लहान संचांत तिसरा व चौथा भाग एकाच डब्यात असतात.

बिनतारी लहरींचे नाते आपल्या देशाशी जुने आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशा लहरी भिंतींतून पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. कमरेच्या पेटीतून निघणारी लहर त्याच जातीची असते. तिची शक्ती मात्र फार थोडी, सामान्यतः १० ते ५० मिलिवॅट इतकीच. म्हणून तिच्या मार्गात अडथळे नसावेत, ही पहिली काळजी घ्यावी.

२. लहरीची लांबी व अँटेना

वरच्या वर्गांच्या विज्ञानाच्या तासास येथे एक सोपे गणित मिळते. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येने भागले असता लहरीची लांबी मीटरमध्ये येते. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर भरते. पेटीची अँटेना सामान्यतः लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी असते, म्हणून या लहरीसाठी ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर येते. ८६६ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ८·७ सेंटिमीटर होते. लोंबणारी अँटेना दुमडून खिशात कोंबली, तर हे माप बिघडते व आवाज मध्येच तुटू लागतो.

मनुष्याच्या शरीरात पाणी पुष्कळ असल्यामुळे ते या लहरी शोषून घेते. यास्तव पेटी कमरेच्या ज्या बाजूस लावावयाची, ती बाजू बहुतेक वेळ रिसीव्हरच्या समोर राहील असे पाहावे. रिसीव्हर लोखंडी कपाटात किंवा कपाटामागे ठेवू नये. तो टेबलावर, उघड्या जागी, शक्य तर मुलांच्या डोक्यांहून उंच असावा.

३. खरेदीच्या वेळी घ्यावयाची दक्षता

आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ व २·४ गिगाहर्ट्झ हे पट्टे अल्पशक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त आहेत. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी दिला गेला. त्या पट्ट्यातील जुने वा स्वस्त संच घेऊ नयेत. संचास केंद्र शासनाच्या बिनतारी विभागाची मान्यता आहे काय, हे दुकानदारास विचारून पावतीवर कंपनसंख्या लिहून घ्यावी. २·४ गिगाहर्ट्झचे संच सोयीचे असतात, परंतु वाय-फाय व ब्लूटूथ हीही त्याच पट्ट्यात चालतात. म्हणून वाय-फायचा डबा आणि रिसीव्हर शेजारी शेजारी ठेवू नयेत.

४. जोडणीचा क्रम

पुढील क्रम पाठ करून ठेवावा व संचाच्या झाकणावर चिकटवावा.

(अ) अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा.
(आ) कमरेची पेटी बंद ठेवून केवळ रिसीव्हर सुरू करावा. पेटी बंद असताही रिसीव्हरवरील संदेशदर्शक दिवा लागत असेल, तर त्या वाहिनीवर दुसरे कोणी बोलत आहे असे समजून वाहिनी बदलावी.
(इ) पेटीत नवे किंवा पूर्ण भारित सेल घालावेत. जुना व नवा सेल एकत्र घालू नये.
(ई) पेटी सुरू करून तीवर रिसीव्हरचीच वाहिनी लावावी. ‘सिंक’ बटण असल्यास पेटी व रिसीव्हर यांच्या लहान खिडक्या समोरासमोर धरून ते दाबावे.
(उ) माईक कपड्यास लावावा, तार कपड्याच्या आतून घ्यावी व पेटीजवळ तिचा एक सैल वेढा ठेवावा. अचानक ओढ बसल्यास तार तुटत नाही.
(ऊ) शेवटी अँप्लिफायरचा आवाज हळूहळू वाढवावा.

काम संपल्यावर प्रथम अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा, त्यानंतरच पेटी बंद करावी. एका वाहिनीवर एका वेळी एकच पेटी चालते. शेजारच्या वर्गात दुसरा संच असेल, तर दोहोंच्या वाहिन्या निराळ्या ठरवून घ्याव्यात.

५. माईक कोठे लावावा

चिमट्याचा माईक छातीच्या मध्यभागी, हनुवटीखाली एक वीत किंवा त्याहून किंचित कमी अंतरावर लावावा. खांद्याकडे लावल्यास मान दुसरीकडे वळताच आवाज पडतो. अंतर दुप्पट झाले की मुखातून येणाऱ्या ध्वनीचा दाब माईकपाशी निम्मा होतो, हा नियम सदैव स्मरणात असावा. वर्गातील गोंगाट मात्र तेवढाच राहतो. कानावरून येणारा माईक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर, किंचित बाजूस ठेवावा. अगदी तोंडासमोर ठेवल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा फटका त्यावर बसतो.

माईक पदराखाली, उपरण्याखाली अथवा सदऱ्याच्या आत लपवू नये. कापड घासल्याचा खरखराट होतो, आणि दुसरी हानी अधिक मोठी आहे. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’, ‘ख’ यांसारख्या व्यंजनांचा ध्वनी मुळातच क्षीण व उंच पट्टीचा असतो. जाड कापड प्रथम तोच शोषून घेते. स्वर मोठे ऐकू येतात, त्यामुळे आवाज पोचला असे वाटते, पण ‘साल’ की ‘शाल’, ‘ताट’ की ‘खाट’, हे मुलास कळत नाही. गळ्यातील मंगळसूत्र वा ओळखपत्राची साखळी माईकवर आपटणार नाही, हेही पाहावे.

६. आवाजाची पातळी

येथे दोन निरनिराळे खटके आहेत व त्यांची गल्लत हेच बहुतेक बिघाडांचे मूळ होय. पेटीवरील ‘गेन’ हा माईककडून येणारा संदेश किती घ्यावयाचा हे ठरवितो, तर अँप्लिफायरचा खटका स्पीकरमधून किती आवाज सोडावयाचा हे ठरवितो. प्रथम गेन लावावा. तो लावताना ‘हॅलो, हॅलो’ असे हळू म्हणू नये. कविता म्हणताना किंवा वर्गास हाक मारताना जो आपला मोठ्यात मोठा आवाज असतो, त्या आवाजात बोलावे. लाल दिवा लागल्यास गेन कमी करावा. मोठ्या आवाजातही लाल दिवा लागत नाही, अशा जागी गेन कायम करावा. त्यानंतर अँप्लिफायर वाढवावा. पोकळ, घुमल्यासारखा आवाज येऊ लागताच थोडे मागे यावे.

शिट्टी का वाजते, हे मुलांनाही समजावून सांगावे. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, असे चक्र सुरू होते. उपाय तीन आहेत: स्पीकर शिक्षकाच्या पुढे, मुलांच्या बाजूस ठेवणे, माईक तोंडाच्या अधिक जवळ आणणे, आणि अँप्लिफायरचा आवाज कमी करणे. शिक्षकाच्या पाठीमागे फळ्यावर टांगलेला स्पीकर शिट्टी मारणारच.

७. शेवटच्या सतरंजीवरील परीक्षा

संच बरोबर लागला की नाही, हे शिक्षकास स्वतःच्या जागेवरून कळत नाही. त्याचा निर्णय शेवटच्या सतरंजीवर बसणाऱ्या मुलानेच द्यावयाचा आहे. त्यासाठी पुढील कृती करावी.

ताट, पाट, खाट, घाट, साल, शाल, हात, दात, भात, वात असे दहा परिचित शब्द निवडावेत. लहान मुलांसाठी त्यांची चित्रे करावीत. कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या मुलांस हे शब्द व चित्रे आदल्या दिवशी ओळखीची करून द्यावीत. शिक्षकाने पुस्तक तोंडापुढे, पण माईकच्या वर धरून, ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने शब्द उच्चारावेत. मुलांनी ते लिहावेत किंवा चित्रावर बोट ठेवावे. प्रथम माईकशिवाय, नंतर माईक लावून, व तिसऱ्या वेळी माईक पदराखाली ठेवून ही परीक्षा घ्यावी. दर वेळी शब्दांचा क्रम बदलावा. तिन्ही वेळचे बरोबर शब्द एका कागदावर मांडले म्हणजे माईक लावण्याची योग्य जागा कोणती, हे वादाशिवाय ठरते.

या परीक्षेचा दुसरा लाभ असा की, जे मूल जवळ बसवूनही व माईक लावूनही वारंवार चुकते, ते आपोआप नजरेस येते. अशा मुलास रागावू नये. त्याच्या पालकांशी बोलावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येईल तेव्हा त्याचे कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी अंतर्भूत आहे. माईक हा या तपासणीस पर्याय नव्हे.

८. मर्यादा

पंधरा-वीस मुलांच्या शांत खोलीत माईकची गरज नाही. एका खोलीत दोन इयत्ता बसत असतील, तर एकीचा माईक दुसरीचा शत्रू होतो. अशा वेळी आवाज बेताचा ठेवून स्पीकर आपल्या गटाच्या जवळ, मुलांच्या कानांच्या उंचीवर मांडावा. रिकाम्या भिंती व पत्र्याचे छप्पर यांमुळे घुमणारा आवाज माईकने सुधारत नाही, उलट वाढतो. भिंतीवर जाड कापड वा तट्ट्या लावणे हाच तेथे खरा उपाय होय.

एका मुलास बाजूस घेऊन समज द्यावयाची असेल किंवा पालकांशी काही खासगी बोलावयाचे असेल, तर पेटीवरील ‘म्यूट’ खटका आधी दाबावा. खोलीबाहेर गेल्याने लहर थांबत नाही. मुलाची चूक साऱ्या शाळेने ऐकणे ही त्या मुलास मोठी शिक्षा होते.

मैदानावरील कार्यक्रमास ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू आहेत. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी आधी घ्यावी, व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी तो लावू नये.

९. सांभाळ

रोज काम संपताच पेटी कोरड्या कापडाने पुसावी, कारण घाम हा माईकचा मोठा शत्रू आहे. तार पेटीभोवती आवळून गुंडाळू नये. भारित करता येणारा सेल १·२ व्होल्टचा व साधा अल्कलाइन सेल १·५ व्होल्टचा असतो. पेटीत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असल्यास ती बरोबर लावावी, अन्यथा सेलदर्शक चुकीचे दाखवितो. विदर्भातील दीर्घ उन्हाळी सुटीपूर्वी सेल काढून ठेवावेत. आत राहिलेला सेल गळतो व टोके गंजवितो. संच तापलेल्या पत्र्याच्या खोलीत न ठेवता थंड जागी ठेवावा.

शिक्षकाचा कंठ हे त्याचे जन्मभराचे साधन आहे. दिवसभर ओरडून तो बसतो, आणि ओरडण्याने शब्द स्पष्टही होत नाहीत. माईक लावल्यावर आवाज चढवू नये. नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत, शब्दाचे शेवटचे अक्षर न गिळता, सावकाश बोलावे. प्रत्येक शाळेने येत्या महिन्यात वरील दहा शब्दांची परीक्षा एकदा घ्यावी, तिचा कागद वर्गाच्या नोंदींत ठेवावा व केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो एकमेकांस दाखवावा. ज्या शाळेत संच नाही, तिनेही केवळ माईकशिवायचा भाग करून पाहावा. शेवटच्या सतरंजीवर आपले किती शब्द पोचतात हे कळले, तर मुलांच्या बसण्याच्या जागा बदलण्याइतका बिनखर्चाचा उपाय तरी त्याच दिवशी करता येईल.