डोंगरमाउलीच्या कपेलाकडे जाणारी सोपी वाट



जुन्या गोव्याची यात्रा आपल्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांनी एकदा तरी केली आहे. रत्नागिरीला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसायचे, करमळीला उतरायचे, बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे प्रार्थना करायची, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये डोके टेकायचे आणि परतीची गाडी धरायची. पण तेथून पूर्वेकडे, टेकडीच्या माथ्यावर आणखी एक जुने कपेल आहे. त्याचे नाव नोसा सेन्योरा दो मोंते, म्हणजे डोंगरावरील आपली माउली. तिकडे आपल्यापैकी फार थोडे जातात.

मागे एका यात्रेत आम्ही सर्वांना तिकडे चालत नेत होतो. तेव्हा एका आजींनी विचारले, "फादर, गाडी वरपर्यंत जाते ना? मग चालायचं कशाला?" आम्ही हसून, "आजी, तुम्ही गाडीनेच या," असे म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. ही वाट तशी अवघड नाही. झाडीतून हळूहळू वर चढते. सावकाश चालणाराही फारसा दमत नाही. ज्या वाटेत कष्ट नाहीत, तिच्या यात्रेला काय अर्थ?

सोपेपणा आणि टाळाटाळ

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इटलीचा कवी पेत्रार्क याचे एक पत्र आमच्या वाचनात आले होते. २६ एप्रिल १३३६ रोजी तो आपला धाकटा भाऊ गेरार्दो याच्यासोबत फ्रान्समधील व्हाँतू हा डोंगर चढला, असे तो त्यात सांगतो. भावाने सरळ धारेची वाट धरली. पेत्रार्क मात्र कमी चढाची वाट शोधत पुन्हा पुन्हा खालीच उतरत राहिला आणि भावापेक्षा जास्त थकला. माथ्यावर पोहोचल्यावर त्याने सोबत आणलेले संत अगुस्तीन यांचे 'कन्फेशन्स' हे पुस्तक उघडले. माणसे डोंगर पाहून थक्क होतात, पण स्वतःच्या आत पाहायला विसरतात, अशा अर्थाचा मजकूर नेमका समोर आला. तो पुस्तक मिटून गप्प झाला आणि न बोलता खाली उतरला.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. पेत्रार्कची चूक सोपी वाट शोधण्यात नव्हती. ती वाट वर जात नसतानाही तो तीच धरून राहिला, ही त्याची चूक होती. सोपेपणा वेगळा आणि टाळाटाळ वेगळी. गुडघे दुखणाऱ्या आजी गाडीने वर गेल्या, तर त्यात टाळाटाळ नाही. धडधाकट माणूस मात्र पायी वर जाऊनही मनाने खालीच राहू शकतो.

या वाटेवर काय पाहावे?

मोंतेच्या टेकडीभोवतीची झाडी पाहून आपण म्हणतो, काय शांत जागा! पण त्या परिसरात एके काळी मोठे शहर नांदत होते. रोगराईने माणसे मरू लागली, लोक सोडून गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरे पडली, जांभ्याच्या भिंतींवर झाडे उगवली. माणसाचे वैभव किती काळ टिकते, हे ही झाडी न बोलता सांगते.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. १५१० च्या सुरुवातीला अल्बुकर्कने गोवा घेतला, मे महिन्यात तो गमावला आणि २५ नोव्हेंबर, संत कॅथरीनच्या सणादिवशी, पुन्हा जिंकला. त्या लढाईत विजापूरच्या आदिलशाही फौजेच्या तोफा या टेकडीवर होत्या, असे परंपरा सांगते. पुढे येथेच पवित्र मरियेचे कपेल उभे राहिले. पण त्या विजयानंतर शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. त्यातून स्त्रिया आणि मुलेही सुटली नाहीत. हे कोणा विरोधकाने रचलेले नाही. अल्बुकर्कने स्वतःच राजाला पत्र लिहून ही कत्तल कळवली आणि वर देवाचे आभार मानले.

बंधुभगिनींनो, वाट सोपी असली तरी तिच्यावरची ही गोष्ट सोपी नाही. तिच्याकडे पाठ फिरवून केवळ मांडवी नदी आणि दिवाडी बेटाचे सुंदर दृश्य पाहून परतणे, हीच टाळाटाळ. त्या पापाचे ओझे आज आपल्यावर वैयक्तिक दोष म्हणून नाही. पण आपल्याच प्रभूचे नाव घेऊन ते घडले, म्हणून दुःख मात्र आपले आहे. त्या माउलीपुढे विजयाचे आभार मानणे आपल्या तोंडून निघू नये. क्षमेची याचना निघावी.

डोंगरावरून उतरताना

शुभवर्तमानात प्रभू येशूचे रूपांतर डोंगरावर झाले, तेव्हा पेत्राला तेथेच तीन मंडप उभारावेसे वाटले. प्रभूने त्यांना खाली आणले. खाली एक आजारी मुलगा आणि त्याचा हवालदिल बाप वाट पाहत होते. डोंगरावरची प्रार्थना खरी की खोटी, हे पायथ्याशी कळते.

आपला पायथा म्हणजे रत्नागिरी. येथे मुसलमान आणि हिंदू शेजारी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासोबत राहतात. नाताळच्या नेवऱ्या त्यांच्या घरी जातात, ईदचा शिरखुर्मा आपल्या घरी येतो. अलीकडे कुठे ही देवाणघेवाण थांबली असेल, तर ती आपल्याकडून सुरू व्हावी. वेदीवर अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करा, असे प्रभूने सांगितले आहे. त्यात आपल्याच धर्माचा भाऊ अशी अट नाही.

एक आशेची गोष्टही सांगतो. कपेलाचा जीर्णोद्धार झाल्यानंतर, २००० नंतरच्या दशकात तेथे संगीत महोत्सव भरू लागला. जेथे तोफा होत्या असे सांगतात, तेथे आता भारतीय राग आणि पाश्चात्त्य गायन एकाच अंगणात ऐकू येते. जागेचा इतिहास पुसता येत नाही. पण तेथे पुढे काय घडावे, हे आपल्या हाती असते.

आता आजींना उत्तर देता येईल: आजी, चालायचे ते पायांसाठी नाही. हळू गेले की पाहायला वेळ मिळतो. तुम्ही गाडीने या, पण वर आल्यावर आमच्यासोबत थोडा वेळ गप्प बसा.

या आठवड्यातील चिंतनासाठी:

१. माझ्या प्रार्थनेत मी कोणती गोष्ट पाहायचे टाळतो?
२. माझ्या घराण्याने कोणावर अन्याय केला असेल, तर त्याबद्दल क्षमा मागण्याची माझी तयारी आहे का?
३. कोणत्या शेजाऱ्याच्या दारात मी बऱ्याच दिवसांत गेलो नाही?

डोंगरावरील माउली आपणा सर्वांसाठी विनंती करो.