व्यासपीठावर कोण नाही, ते आधी बघ

मने, कॉलेजच्या परिषदेतल्या ‘पुण्याचं पाणी’ या परिसंवादाचं सूत्रसंचालन तुझ्याकडे आलंय आणि तुला काळजी कसली, तर सुरुवातीची दोन वाक्यं काय बोलायची! अगं, ती शेवटी ठरव. परिसंवाद रंगणार की पडणार, हे माणसं बोलावतानाच ठरतं.

तुझी यादी बघितली. निवृत्त अभियंता, पर्यावरणाचे अभ्यासक, माजी नगरसेवक, प्राध्यापक. चौघंही भले, चौघंही शहरातले आणि चौघंही ‘पाणी जपून वापरा’ म्हणणारे. मग समोरच्यांनी ऐकायचं काय? खडकवासल्याचं पाणी आपल्या नळाला येतं, तसं कालव्यानं दौंड-इंदापूरलाही जातं. उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटतं, यावर तिथलं पीक टिकतं. अभियंत्याला ठेव, उरलेल्यांतले दोघं कमी कर आणि तिकडचा एक शेतकरी बोलाव. आणि उपनगरातल्या, टँकरवर दिवस काढणाऱ्या एखाद्या सोसायटीची सेक्रेटरी. हे दोघं शेजारी बसले की अभियंत्यालाही आकडे तोलून-मापून सांगावे लागतील. सेक्रेटरीबाईंना मात्र ‘आता महिलांची बाजू’ म्हणून माईक देऊ नकोस. टँकरचा हिशेब विचार, तो त्यांना तोंडपाठ असेल.

पण नुसतं निमंत्रण धाडून भागत नाही, हे पुण्याइतकं कुणाला ठाऊक? १८८५ मध्ये इथे ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी महात्मा फुल्यांना बोलावलं आणि फुल्यांनी पत्र लिहून साफ नकार कळवला. जे आमचे माणूस म्हणून असलेले हक्कच मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा रोख. म्हणून सांगते, शेतकऱ्याला पत्रिका छापून झाल्यावर फोन करू नकोस. आधी कर आणि विषय कसा मांडावा, तेही विचार. ‘पुण्याचं पाणी’ हे नावच त्याला खटकेल बघ. ‘खडकवासल्याचं पाणी कुणाचं?’ असं ठेवलंस, तर तोही येईल आणि सभागृहही भरेल.

आता वेळ. १८७५ मध्ये रानड्यांनीच सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेलं हे शहर. इथे प्रत्येक वक्ता खिशात भाषण घेऊनच येतो. तुझ्याकडे ७५ मिनिटं आहेत. स्वागत आणि ओळखीला मिळून ५. प्रत्येकाला सुरुवातीची ३, म्हणजे चौघांची १२. श्रोत्यांच्या प्रश्नांना २५ राखून ठेव. उरलेली ३३ मिनिटं हा खरा परिसंवाद. त्यात त्यांनी एकमेकांशी बोलायचं. दीपप्रज्वलन उद्घाटनाला होईलच, तुझ्या सत्रात पुन्हा नको. ‘आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे’ असं म्हणून कुणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर हसून नाव घे आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याला टाक. वाईटपणा येईल म्हणून घाबरू नकोस, सभागृह तुझ्याच बाजूनं असतं.

आठवडाभर आधी प्रत्येकाशी १५-२० मिनिटं फोनवर बोल. एकच गोष्ट काढून घे: तुमचं कुणाशी आणि कशावर पटत नाही? तुझे प्रश्न त्यातूनच निघतील. विषय सगळ्यांना सांग, पण नेमके प्रश्न पाठवू नकोस, नाहीतर उत्तरं लिहून आणतील. प्रत्येकाला वेगळा माईक हवा, हे साउंडवाल्याला बजाव; एकच माईक हातोहात फिरला की वाद थंडावतो.

प्रश्नोत्तरांत ‘माझा प्रश्न नाही, पण मला थोडं मांडायचंय’ म्हणणारे काका उठणारच. त्यासाठी चिठ्ठ्या वाट. पहिली चिठ्ठी एखाद्या विद्यार्थिनीची वाच, म्हणजे मागच्या रांगाही धीर करतात.

आणि मानधनाचं आयोजकांशी आत्ताच बोलून घे. चौघांना सारखंच आणि त्याच दिवशी. इंदापूरहून येणाऱ्याला प्रवासखर्च वेगळा. त्याचा शेतातला अख्खा दिवस मोडतोय. शाल-श्रीफळानं गाडीत पेट्रोल भरता येत नाही.